आवाज अडला कुठे?



शेतकऱ्याच्या घरात आता लॅपटॉप ही नवलाची वस्तू राहिलेली नाही. पोरांचे शिक्षण, सातबाऱ्याचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बचत गटाचा हिशेब अशा कामांसाठी तो घरोघर आला आहे. पण मोटार बंद पडली तर आधी फ्यूज बघायचा की स्टार्टर, हे आपल्याला ठाऊक असते. गाईने वैरण सोडली तर पोट बघायचे की तोंड, हेही ठाऊक असते. हे यंत्र मात्र रुसले की घरातली शहाणीसुरती माणसेसुद्धा हात जोडून उभी राहतात, आणि दुकानदार म्हणेल ते खरे मानून मोकळी होतात.

खरे तर शेतात जी रीत आपण रोज वापरतो, तीच इथेही चालते. ती कशी, हे सांगण्यासाठीच आमच्या घरी घडलेली हकिकत लिहिते आहे.

आमचे शिवार नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाला. पाटाला पाणी सुटले म्हणजे ते आपल्या वाफ्यात आले असे होत नाही, हे आम्हा टेलवाल्यांना कुणी शिकवावे लागत नाही. वर कुणी दार मोडलेले असते, कुठे चारीत गवत माजलेले असते, कुठे पाणी भलत्याच्याच रानात वळवलेले असते. पाणी येईना म्हणून कुणी धरण पाडून नवे बांधायला निघत नाही. खांद्यावर फावडे टाकायचे आणि पाटाच्या कडेने चालत जायचे. जिथवर पाणी आहे आणि जिथून पुढे नाही, त्या दोहोंच्या मधे दुखणे असते.

आता मूळ गोष्टीकडे येते. आमचे मामंजी चौऱ्याऐंशी वर्षांचे. नजर चांगली, पाय चांगले, पण कानांनी दगा दिलेला. आत्याबाईंना जाऊन आता काही वर्षे झाली. आत्याबाई जात्यावर ओव्या म्हणत. पिठाची गिरणी गावात आली तरी सणासुदीला पुरणाची डाळ आणि हळद त्या जात्यावरच काढत, आणि जाते फिरू लागले की गळाही आपोआप सुरू होई. माझी लेक शाळेत असताना तिने त्यातल्या चाळीसेक ओव्या मोबाईलवर भरून घेतल्या होत्या. पुढे कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला तेव्हा त्या तिने त्यात उतरवून ठेवल्या.

लॅपटॉपच्या पोटातले स्पीकर असतात रुपयाच्या नाण्याएवढे. त्यांचा आवाज मामंजींच्या कानापर्यंत जात नाही. म्हणून लेकीने वायरीचे दोन मोठे स्पीकर आणून दिले. त्यांची पिन लॅपटॉपच्या कडेच्या भोकात घातली की आवाज ओसरीभर होतो. संध्याकाळी धारा काढून झाल्या की मामंजी खांबाला टेकून बसायचे आणि म्हणायचे, "लाव गं बाय, म्हातारीला जरा बोलू दे." दोन-तीन ओव्या ऐकल्या की उठून जेवायला यायचे. घरातला हा नेमच झाला होता.

२०२४ सालच्या दिवाळीला लेक सुटीवर आली. आमच्या लॅपटॉपवर लिनक्स घराण्यातली एक मोफत प्रणाली आहे. तिची नवी आवृत्ती आल्याचा निरोप पडद्यावर दिसत होता. लेकीने ती भरली. दुपार सगळी त्यात गेली. यंत्र पुन्हा चालू झाले, तिचा अभ्यास, आमचे फोटो, हिशेब, सगळे जिथल्या तिथे होते. संध्याकाळी स्पीकरची पिन घातली, ओवी लावली, आणि आवाज नाही. पिन काढली तर लॅपटॉप आपल्या बारक्या गळ्याने गातो. पिन घातली की दोन्हीकडे शुकशुकाट.

मामंजी थोडा वेळ कानामागे हात धरून बसले. मग म्हणाले, "आज बोलंना व्हय ती? ऱ्हाऊ दे. दमली आसंल." आणि उठून गेले. त्या रात्री ते भाकरी अर्धीच खाऊन उठले.

दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी लॅपटॉप तालुक्याला नेला. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून पाहिला आणि सांगितले, आवाजाचे काम गेले आहे, आतला बोर्ड बदलावा लागेल, आठ हजार रुपये होतील. तेवढे नको असतील तर सगळे पुसून प्रणाली नव्याने टाकून बघू, पण आतले काही राहणार नाही. ह्यांनी लॅपटॉप तसाच परत आणला. आठ हजार म्हणजे आमच्या घरात दोन महिन्यांचा किराणा. आणि पुसायचे म्हटले तर त्यात आत्याबाई होत्या.

आम्ही मायलेकींनी त्या रात्री पहिले काम केले ते म्हणजे सगळ्या ओव्या दोन पेनड्राइव्हवर उतरवल्या. एक कपाटात जमिनीच्या कागदांच्या बांडलात ठेवला, दुसरा लेकीच्या दप्तरात. मग मी तिला म्हटले, "आता पाटाच्या कडेने चालत जाऊ."

पाट कसा आहे?

लॅपटॉपात गाणे म्हणजे नुसते आकडे असतात. ते आकडे आधी गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रामकडे जातात. तिथून ते एका कारभाऱ्याकडे जातात. एकाच वेळी गाणे, व्हिडिओ, फोन असे कितीतरी आवाज येत असतात. कुणाला किती मोठे सोडायचे, कुठल्या तोंडाने सोडायचे, हे हा कारभारी ठरवतो. आपल्याकडे कालव्यावर पाटकरी असतो ना, तसाच. त्याच्या खाली प्रणालीच्या गाभ्यात दारे असतात: पोटातल्या स्पीकरचे दार वेगळे, कडेच्या पिनेचे वेगळे, टीव्हीला जाणाऱ्या एचडीएमआय वायरीचे वेगळे. त्या दारांतून आकडे एका चिपमध्ये जातात. ती आकड्यांची वीज करते, वीज पिनेतून वायरीत जाते, आणि स्पीकरचा पडदा हलतो. तेव्हा आवाज होतो.

इतक्या ठिकाणांपैकी कुठेही अडले तरी कानाला कळते एकच, ते म्हणजे आवाज नाही. म्हणून नुसता आवाज नाही एवढ्यावरून बोर्ड गेला असे कुणालाच म्हणता येत नाही.

आम्ही शेपटापासून सुरुवात केली. स्पीकरची पिन शेजारच्या जुन्या मोबाईलला लावली. आवाज खणखणीत आला. म्हणजे स्पीकर आणि वायर दोन्ही चांगले. मग वरचे टोक पाहिले. पिन काढल्यावर लॅपटॉप स्वतः गातो, म्हणजे ओवीची फाइल चांगली, वाजवणारा प्रोग्राम चांगला. विहिरीला पाणी आहे आणि मोटार चालू आहे. दुखणे मधेच कुठेतरी.

मग बॅटरीच्या उजेडात पिनेचे भोक पाहिले. ज्यांच्या घरात कापूस येतो त्यांनी हे अवश्य बघावे. तंतू आत दाबला गेला की पिन पूर्ण बसत नाही. लॅपटॉप बंद करून कोरड्या लाकडी काडीने हलकेच काढावा. सुई किंवा ओले काही घालू नये. आमचे भोक स्वच्छ होते. पिनेवरच्या काळ्या पट्ट्याही मोजल्या. दोन पट्ट्या असतील तर ती नुसत्या आवाजाची पिन, तीन असतील तर तिच्यात बोलण्याचा माइकही आहे. ज्या लॅपटॉपला दोहोंचे मिळून एकच भोक असते, तो कधी कधी पिन घातल्यावर विचारतो की हेडफोन लावलाय, हेडसेट लावलाय की माइक? तिथे घाईत माइक म्हटले गेले तर आवाज बाहेर येत नाही. आमची दोन पट्ट्यांची साधी पिन होती, आणि कुणी काही विचारलेही नव्हते.

आता एक बारीक गोष्ट ध्यानात घ्या. पिन घातली की पोटातला आवाज बंद होत होता. हा रोग नव्हे, ही तर चांगली खूण. पिन आली हे यंत्राला कळत होते, आणि ठरल्याप्रमाणे त्याने आपले स्पीकर बंद केले होते. म्हणजे भोक मेलेले नव्हते.

पुढे लेकीने सेटिंगमध्ये जाऊन आवाजाचे पान उघडले. आवाज कुठून बाहेर सोडायचा याची तिथे यादी असते. पुष्कळदा नवी आवृत्ती आली की आवाज टीव्हीच्या वायरीकडे वळवला जातो, टीव्ही जोडलेला नसला तरी. आमच्याकडे निवड हेडफोनचीच होती. आवाजाची मात्रा दाखवणारी पट्टीही नाचत होती. म्हणजे पाटकऱ्याने पाणी सोडले होते. तरी वाफा कोरडा.

बोर्ड खरेच गेला का?

माझा एक भाचा पुण्याला संगणकाच्या कामात आहे. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामी, एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर नवी प्रणाली उतरवा आणि लॅपटॉप त्याच्यावरून सुरू करा. भरायची नाही, नुसती चालवून बघायची."

ही युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. लिनक्सच्या बहुतेक प्रणाली अशा पेनड्राइव्हवरून नुसत्या चालवून पाहता येतात. त्यात लॅपटॉपमधल्या मूळ सामानाला धक्का लागत नाही, फक्त भरण्याचे बटण दाबायचे नाही. मात्र जो पेनड्राइव्ह यासाठी घ्याल तो आधी पूर्ण पुसला जातो. म्हणून ओव्यांचे दोन पेनड्राइव्ह आम्ही आधीच उचलून ठेवले आणि तिसरा घेतला.

लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू झाला. पिन घातली. चाचणीचे बटण दाबले. स्पीकरमधून बाई बोलली, आधी डाव्या बाजूने, मग उजव्या.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. बोर्ड धडधाकट होता, भोक धडधाकट होते. एवढेच नव्हे, नव्या आवृत्तीतही खोट नव्हती, कारण पेनड्राइव्हवर तीच आवृत्ती होती. मग उरले काय? आमच्या लॅपटॉपवर जुन्यावरून नवे करताना राहिलेली एखादी खूण, एखादे बंद दार. आठ हजारांचा प्रश्न तिथेच मिटला.

असे का घडते, हे भाच्याने मग सांगितले. लिनक्सच्या गाभ्यातली आवाजाची दारे सांभाळणारी व्यवस्था म्हणजे अल्सा. तिचे काम १९९८ मध्ये सुरू झाले. तिच्यावर बसणारा जुना पाटकरी म्हणजे पल्सऑडिओ, तो २००४ पासूनचा. पुढे पाइपवायर नावाचा नवा पाटकरी आला. २०१७ मध्ये तो जाहीर झाला, २०२१ मध्ये फेडोरा या प्रणालीने आणि २०२२ च्या ऑक्टोबरात उबुंटूने आवाजाचे काम त्याच्याकडे सोपवले. तो जुन्याचीच भाषा बोलतो, त्यामुळे वापरणाऱ्याला सहसा बदल कळतही नाही. पण जुना माणूस जाऊन नवा आला की एखाद्या दाराची किल्ली द्यायची राहून जाते. अल्साचे एखादे दार बंद राहिले, तर वर पाटकरी कितीही पाणी सोडो, खाली थेंब येत नाही. आणि सेटिंगच्या नेहमीच्या पानावर ते दार दिसतही नाही.

बंद दार सापडले

ते दार बघायचे तर काळ्या पडद्याची खिडकी उघडावी लागते, तिला टर्मिनल म्हणतात. तिथे अल्सामिक्सर हा शब्द इंग्रजी अक्षरांत, सलग, छोट्या लिपीत टंकायचा. पडद्यावर एक उभा खांब दिसतो. तो खांब पाटकऱ्याचा, त्यावर थांबायचे नाही. वरच्या ओळीतली एफ सहा ही कळ दाबायची म्हणजे खऱ्या साउंड कार्डाची यादी येते. त्यातले आपले कार्ड निवडले की खांबांची रांगच उभी राहते: मास्टर, हेडफोन, स्पीकर आणि आणखी काही. प्रत्येक खांबाच्या पायाशी दोन अक्षरे असतात. ओ ओ असेल तर दार उघडे, एम एम असेल तर बंद.

आमच्या मास्टरखाली ओ ओ होते. स्पीकरखाली एम एम होते, ते ठीकच, कारण पिन घातलेली होती. आणि हेडफोनखालीही एम एम!

लेकीने बाणाच्या कळीने हेडफोनच्या खांबावर जाऊन एम ही कळ दाबली. ओ ओ झाले. वरच्या बाणाने खांब चढवला. आणि मागे चालू ठेवलेली ओवी एकदम ओसरीभर झाली. गोठ्यातले वासरूसुद्धा दचकले.

एवढे करून भागत नाही. यंत्र बंद करून चालू केले की दार पुन्हा बंद होऊ शकते. म्हणून त्याच खिडकीत साठवण्याची आज्ञा द्यावी लागते. शब्द तीन: सुडो, अल्साकंट्रोलचे आखूड रूप अल्सासीटीएल, आणि स्टोअर. मधे एकेक जागा सोडायची. आपला परवलीचा शब्द विचारला की द्यायचा. आम्ही ते केले, लॅपटॉप पूर्ण बंद केला, दहा मिनिटांनी लावला. आवाज होता.

मामंजी तोवर गोठ्याकडून आले होते. काठी खांबाला टेकवून बसले. काही बोलले नाहीत. तिसरी ओवी संपल्यावर एवढेच म्हणाले, "ही पंचमीची हाय. आपल्या थोरलीच्या येळंची." ओवीत थोरल्या नणंदेचे नाव नाही. पण त्यांना ते कळले होते.

तुमच्याकडे वेगळे असेल तर

प्रत्येकाचे दुखणे हेच असेल असे नाही. म्हणून आणखी चार गोष्टी सांगून ठेवते.

पहिले म्हणजे लॅपटॉप नुसता रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करा, चार्जर काढा, थोडा वेळ थांबून लावा. आवाजाची चिप कधी कधी जुन्या अवस्थेत अडकून राहते, ती याने सुटते.

दुसरे, लिनक्समध्ये यंत्र सुरू होताना जुना गाभा निवडण्याची सोय असते. जुन्या गाभ्यावर आवाज आला आणि नव्यावर नाही, तर दोष नव्या गाभ्यात आहे. पुढची दुरुस्ती येईपर्यंत जुन्यावर काम चालवता येते.

तिसरे विंडोजवाल्यांसाठी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे पुष्कळांनी विंडोज ११ भरले आहे. तिथे आधी खालच्या पट्टीवरच्या आवाजाच्या चिन्हातून बाहेर सोडायचे तोंड कुठले निवडले आहे ते बघा. ते बरोबर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन आवाजाच्या ड्रायव्हरवर जुना ड्रायव्हर परत आणण्याचे बटण दाबता येते का ते पाहा. ते उजळलेले नसेल तर ड्रायव्हर काढून यंत्र पुन्हा सुरू करा, विंडोज तो स्वतः पुन्हा बसवते. नवी आवृत्ती भरल्यापासून साधारण दहा दिवस जुन्याकडे परत जाण्याची वाटही सेटिंगमध्ये खुली असते.

चौथे, पेनड्राइव्हवरून चालवूनही बाहेर आवाज आला नाही तर पिनेचे भोक किंवा आतले काम गेले असण्याचा संभव आहे. तरीही बोर्ड बदलण्याआधी यूएसबीच्या भोकात बसणारे छोटे साउंड कार्ड मिळते ते लावून बघा. त्याला बहुधा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि ते बोर्डाच्या मानाने फारच स्वस्त पडते.

तालुक्याच्या त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. त्याच्याकडे रोज पंधरा यंत्रे येतात, एकेकाच्या पाटाने चालत जायला त्याला सवड कुठली? ती सवड आपल्याला असते, कारण वस्तू आपली असते. लेकीने सगळ्या पायऱ्या एका वहीत लिहून ठेवल्या आहेत. मोटारीच्या स्टार्टरवर कुठली तार कुठे ते आपण खडूने लिहितो ना, तसेच. गावातल्या दोन घरांनी ती वही आतापर्यंत नेली. एकाच्या घरी आवाज टीव्हीच्या वायरीकडे वळलेला निघाला, दुसरीकडे भोकात नुसता कापूस.

आणि मायबहिणींनो, एक वेगळी विनंती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी कित्येक वर्षे खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. तो ठेवा आज सर्वांना ऐकायला आणि वाचायला खुला आहे. पण तुमच्या सासूबाईंचा, आजीचा, मावशीचा गळा त्यात असेलच असे नाही. ज्यांच्या घरी अशी म्हातारी अजून आहे, त्यांनी या आठवड्यातच तिला जात्यापाशी नाहीतर चुलीपाशी बसवावे आणि मोबाईल जवळ ठेवावा. कुठली ओवी कुठल्या सणाची, कुणाच्या लग्नातली, हेही तिच्याच तोंडून भरून घ्यावे. मग त्याच्या तीन प्रती कराव्यात: एक मोबाईलमध्ये, एक लॅपटॉपमध्ये, आणि एक पेनड्राइव्हवर जमिनीच्या कागदांशेजारी. यंत्रे बिघडतील, दुरुस्तही होतील. म्हातारी मात्र आज आहे तोवरच गाणार.